जज्जसाहेबांचा मृदंग

आमचं घर मागचं आणि काकांचं पुढचं. आजोबांनी दोन मुलांना दोन घरं बांधून दिली तेव्हा कोणी कुठे राहायचं यावरून कोणाचं काही बिनसलं नव्हतं. थोरले म्हणून आप्पांना मागचं मोठं घर मिळालं, आणि काकांना रस्त्यालगतचं लहान. आमच्या घरातून रस्त्यावर यायचं तर काकांच्या खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, कडेकडेनं माडांखालून, त्यांच्या उघड्या पडलेल्या मुळांवर पाय जपत यायचं. मी त्याच वाटेनं शाळेत गेले, कॉलेजात गेले, आणि शिक्षिकेची नोकरी लागल्यावर कणकवलीची एसटी पकडायला त्याच वाटेनं धावत गेले. ती वाट कोणाची हे विचारायची वेळ कधी कोणावर आली नाही. ती आली एका फणसामुळे.

फणस आमच्या हद्दीत होता आणि त्याची एक फांदी काकांच्या पडवीवर वाकली होती. आप्पांनी माणूस लावून ती तोडायला घेतली, ती नेमकी कौलांवर पडली. काका म्हणाले, कौलं घालून द्या. आप्पा म्हणाले, कौलं आधीचीच फुटकी होती. इथवरही निभलं असतं. मग काकी आईला काहीतरी बोलली आणि आई काकीला काहीतरी बोलली. ते शब्द कोणते होते ते दोघींनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण आठवडा उलटायच्या आत काकांनी चिरे उतरवले आणि आमच्या वाटेवर आडवा, छातीएवढा उंच गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातला. तळेऱ्याच्या तिठ्यावर त्यांचं किराणा मालाचं दुकान होतं. ते बंद ठेवून, स्वतः उभं राहून त्यांनी तो घालून घेतला.

मग आम्ही शेताच्या मेरेवरून जाऊ लागलो. मेर म्हणजे भाताच्या दोन खाचरांमधला मातीचा बांध. एका वेळी एक पाऊल मावेल एवढा. उन्हाळ्यात ठीक, पावसाळ्यात ती मेर साबणासारखी होते. माझं काही अडलं नाही, मी तेव्हा पंचविशीतली होते आणि चपला हातात घेऊन चालायची. अडलं ते आईचं. आईचे गुडघे आधीच गेलेले होते. श्रावणात ती मेरेवरून घसरून चिखलात बसली ती तशीच बसून राहिली, कारण उठता येईना. मी शाळेतून परत आले तेव्हा ती तिथेच होती, पदरानं तोंड पुसत, आणि मला पाहून म्हणाली, "रडूक नको. हात दी."

आप्पा निवृत्त हेडमास्तर. आयुष्यभर मुलांची भांडणं सोडवलेली, त्यामुळे स्वतःचं भांडण कोणीतरी सोडवून द्यावं असं त्यांना वाटणं साहजिक होतं. ते भावाशी बोलायला गेले नाहीत, थेट तालुक्याच्या कोर्टात दावा लावून आले. वीस वर्षांहून जास्त वहिवाट आहे, वाट मोकळी करून मिळावी. "कोर्ट सांगात ता खरा," एवढंच ते घरी म्हणाले. आई म्हणाली, "कोर्टाचे पाय दुखणत नाय म्हणान तुमका बरा सुचता."

वाट खरोखर आमची होती का? आमची होती. हे मी आजही सांगते, आणि नंतर जे झालं ते कळण्यासाठी हे आधी सांगून ठेवलेलं बरं. वाडीतलं पोरसुद्धा ते सांगू शकलं असतं. आणि पोरापेक्षा जास्त पक्कं सांगू शकत होते ते वाडीतले म्हातारे गावकार. देवळात, घरोघरी, कुठेही देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. जन्म त्या वाटेच्या समोर काढलेला. आमच्या दाव्यातले मुख्य साक्षीदार तेच होते.

दावा दाखल झाला, नोटिसा निघाल्या, दोन्हीकडचे वकील हजर झाले आणि तारखा पडू लागल्या. आप्पांना अजून कोर्टात उभं राहायची वेळ आली नव्हती. तोवर चतुर्थी आली.

त्याआधी दोन्ही घरांचा मिळून गणपती एकच, आमच्याकडे. त्या वर्षी काकांनी वेगळा आणला. मखर बांधताना आप्पांनी मला उगाचच दोनदा झापलं.

आमच्याकडे गणपतीत भजनी मेळ घरोघर जातो. एक घर सोडून चालत नाही, आणि थोरलं घर आधी असा क्रम असतो. त्या वर्षी मेळातल्या मृदंग वाजवणाऱ्याला मुंबईहून रजा मिळाली नाही. बुवा, म्हणजे मेळाचे मुख्य गाणारे, हवालदिल झाले. मृदंगाशिवाय भजन कसलं! त्यांना कोणीतरी सांगितलं की तालुक्याला एक नवे साहेब आलेत, घाटावरचे, एकटेच राहतात, आणि संध्याकाळी खोलीत मृदंग घेऊन बसतात. बुवा गेले, आणि साहेब आनंदानं यायला तयार झाले. तरुण माणूस, पहिलीच नेमणूक, परक्या मुलखात सणाला एकटा. मला तरी त्यांची तेव्हाही दया आली आणि आजही येते.

साहेब कोण हे बुवांना ठाऊक होतं. आमचा दावा चालू आहे हेही ठाऊक होतं. पण या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. भजन ते भजन, कोर्ट ते कोर्ट. आमच्याकडच्या माणसाला हे असंच वाटतं. गणपतीच्या घरी कोण आला, तर पाहुणा आला. तो दुसरीकडे कुठल्या खुर्चीवर बसतो हे त्या दिवसांत कोणी पाहत नाही.

दिवेलागणीला मेळ आमच्याकडे आला. वाट बंद, त्यामुळे मेरेवरून रांगेनं. साहेबांनी मृदंग छातीशी धरला होता आणि मधेच त्यांचा पाय घसरला. मागच्यानं सावरलं. साहेब हसत मोठ्यानं म्हणाले, "काय हो ही वाट! या घराला दुसरा रस्ता नाही का?" मागून कोणीतरी उत्तर दिलं, "होतो साहेब, पण भावान बंद केल्यान." हे सगळं काकांच्या पडवीत स्वच्छ ऐकू गेलं.

साहेबांनी मृदंग काय वाजवला! मला गाण्यातलं कळत नाही, पण बुवांचा चेहरा बघून कळत होतं. मेळातली पोरं चेकाळल्यासारखी गात होती. आई स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून उभी राहिली आणि उसळ ढवळायचं विसरली. आरती झाली. मग गावकार पुढे झाले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा गणपती महाराजा, ह्या घरातली सेवा गोड मानून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे ओरडले.

"चुकला माकला पोटात घाल रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

साहेबांनी असलं गाऱ्हाणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यांना ते फार आवडलेलं दिसत होतं. दुसऱ्या वेळेपासून तेही सामील झाले, डोळे मिटून, सगळ्यांच्या वर आवाज काढून.

"आणि ह्या घराची येवची-जावची वाट जी कोणी अडयली असात, ती मोकळी करून दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" साहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा.

कोणाला काही वावगं वाटलं नाही. गाऱ्हाण्यात घरची अडचण देवाला सांगायची नाही तर कोणाला सांगायची? मीही ओरडले होते.

मग पानं वाढली. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या. साहेबांनी दोन घास घेतले, "वा!" म्हणाले. आप्पा त्यांच्यासमोर चहा ठेवायला वाकले, तेव्हा बुवा मोठ्या अभिमानानं म्हणाले, "मास्तर, वळाखलास मां? आमचे नवीन जज्जसाहेब!"

आप्पांचा हात तसाच राहिला. दुसरा कोणी असता तर त्यानं चहा ठेवला असता आणि गप्प बसला असता. आप्पांनी कप परत ताटात ठेवला आणि ऑफिसात बोलावं तशा मराठीत म्हणाले, "साहेब, क्षमा करा. आमचा दावा आपल्यासमोर आहे."

"कुठला दावा?"

"ह्याच वाटेचा."

साहेबांच्या तोंडात घास होता. तो त्यांनी कसाबसा गिळला. पान बाजूला सारलं, उठले, ओटीवर जाऊन हात धुतले. मला बरं वाटत नाही, एवढंच म्हणाले. मृदंग कोणाला तरी उचलायला सांगून ते आल्या मेरेवरून निघाले. बुवा बॅटरी घेऊन मागून धावले.

इथे साहेबांची खरी चूक झाली, असं मला वाटतं. पुढचं घर काकांचं होतं. साहेब येणार हे वाडीभर झालेलं होतं, म्हणून काकांनी दुकानातली हातांची खुर्ची आणून मखरासमोर मांडली होती, कपबश्यांचा नवा सेट काढला होता. काकीनं नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळल्या होत्या. मेळ आला तो मृदंगाशिवाय आला.

"साहेब खंय?" काकांनी विचारलं.

"गेले."

"माझ्याकडे येवच्या आधी?"

बुवांनी टाळ उचलले. टाळांवर भजन झालं, गावकारांनी तिथेही गाऱ्हाणं घातलं, पण आमच्याकडे काय म्हटलं गेलं आणि त्याला कोणी व्हय म्हटलं ते मेळातल्या पोरांनी तोवर काकांच्या कानावर घातलंच होतं.

आम्हाला वाटलं साहेब आता दावा सोडतील, दुसऱ्या कोर्टाकडे पाठवतील. आमच्या वकिलांनाही तसं वाटलं होतं. पण पुढच्या तारखेला पुकारा झाला आणि साहेबांनी मान खाली घालून काम सुरू केलं. का, ते मला माहीत नाही. माझा अंदाज असा की ते स्वतःच्या मनाशी स्वच्छ होते. आपण काही घेतलं नाही, कोणाला काही कबूल केलं नाही, कागदावर जे आहे तेच करणार आहोत, मग दावा का सोडायचा? प्रामाणिक माणसाला हा मोह होतो. लबाड माणूस उलट घाबरून दूर झाला असता.

वकील आप्पांना म्हणाले, "मास्तर, तोंडातून अक्षर काढायचं नाही." आप्पांनी काढलं नाही. त्यांनी साहेबांना जे सांगायचं ते सगळ्यांदेखत सांगितलेलं होतं.

मी शाळेत रजा टाकून प्रत्येक तारखेला आप्पांबरोबर जायची. त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं. साहेबांनी अख्ख्या दाव्यात आप्पांकडे एकदाही नीट पाहिलं नाही. दोनदा तर कारण नसताना तोडून बोलले. काकांशी मात्र इतके मऊ बोलायचे की काकांचा वकीलही चकित व्हायचा. बाहेर पिंपळाखाली उभे असलेले लोक म्हणायचे, "बघलंस? कसो नाटक करता तो!" कडक बोलले तरी नाटक, मऊ बोलले तरी नाटक. त्या दोन घासांनंतर त्या माणसाला खरं वागायची सोयच राहिली नव्हती. खोकला आला असता तरी त्यातून लोकांनी अर्थ काढला असता.

गावकारांनी साक्ष दिली. ते छान बोलले, ठामपणे. वाट आहे, पूर्वापार आहे, पहिल्यापासून मास्तरांची आहे. निकाल आमच्या बाजूनं लागला. वाट मोकळी करावी. साहेबांनी आम्हाला दाव्याचा खर्च मात्र दिला नाही. तोही लोकांनी नाटकातच धरला.

काकांनी हुकूम पाळला. गडी लावून वाटेपुरता गडगा काढला. दुसऱ्या दिवशी आई हळूहळू त्या वाटेनं रस्त्यापर्यंत गेली आणि परत आली. काही काम नव्हतं, उगाच गेली. मी दारात उभी राहून पाहत होते आणि मला भयंकर आनंद झाला होता. जिरली काकांची, असं मी मनात म्हटलं. मनात कसलं, मोठ्यानंच म्हटलं.

पण ती वाट पूर्वी फक्त आमची नव्हती. मागच्या तीन-चार घरांतली माणसंही तिच्यावरून जायची. दुधवाली यायची, पोस्टमन यायचा, सत्यनारायणाला अख्खी वाडी यायची. वाट मोकळी झाल्यावर त्यातलं कोणीही तिच्यावर पाय ठेवीना. पोस्टमन रस्त्यावरून हाक मारायचा. शेजारीण मेरेवरून यायची, चिखलात पाय भरवून. मी विचारलं तर म्हणाली, "नको गो, ती कोर्टातली वाट." कोणी आम्हाला वाईट बोललं नाही. कोणी आमच्याशी भांडलं नाही. फक्त सगळे मिळून ठरवल्यासारखं धरून चालले की मास्तरांनी जज्जाला घरी जेवू घालून वाट मिळवली. आणि पुढच्या चतुर्थीला मेळ आमच्याकडे आलाच नाही. बुवांनी निरोप पाठवला, आवाज बसलाय. काकांकडचा त्यांचा आवाज आमच्या पडवीत ऐकू येत होता.

आप्पा त्या रात्री जेवले नाहीत. आयुष्यात त्यांनी एक मार्कसुद्धा कोणाला फुकट दिला नव्हता. स्वतःच्या मुलीला, म्हणजे मला, सातवीत गणितात नापास केलं होतं. त्या माणसाला वाडी आता चोर समजत होती, आणि तेही त्याच्या स्वतःच्या वाटेचा चोर.

गडगा काढला तरी काकांनी वरच्या कोर्टात अपील केलंच होतं. त्यांनी प्रतिज्ञापत्र जोडलं. त्यात काय काय होतं ते आमच्या वकिलांनी वाचून दाखवलं. जज्ज वादीच्या घरी गेले, वादीच्या गैरसोयीच्या वाटेनं चालले, वादीच्या घरी खाल्लं, आणि वादीच्या मुख्य साक्षीदारानं देवापुढे वाट मोकळी करायची मागणी केली तेव्हा त्याला मोठ्यानं होकार दिला. नंतर प्रतिवादीच्या घरी जायचं टाळून निघून गेले. ऐकताना मला संताप आला, कारण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता आणि सगळं मिळून मात्र धडधडीत खोटं होतं.

वकिलांनी उत्तर तयार केलं होतं. मजकूर खोटा, खोडसाळ, नाकबूल. "सही करा, मास्तर."

"नाकबूल कसं? आले होते ते."

"अहो, म्हणायची पद्धत असते. सगळेच नाकबूल म्हणतात."

"उसळ खाल्ली होती."

"मास्तर," वकील डोक्याला हात लावून म्हणाले, "तुम्ही जिंकलेले आहात. जिंकलेली केस कोण स्वतःच्या हातानं परत चालवायला देतो? पुढचा जज्ज काय करील याची मी हमी देत नाही. वाट गेली तर वहिनी पुन्हा त्या बांधावरून चालणार आहेत?"

मी म्हटलं, आप्पा, करा सही. मला आईचं ते चिखलात बसणं दिसत होतं. आप्पा म्हणाले, "हा निकाल मला नको. तुझ्या आईला मी वाडीसमोर चोरीच्या वाटेनं चालवणार नाही." आणि त्यांनी वकिलांना दुसरं उत्तर लिहायला लावलं. जज्ज आले होते, जेवायला बसले होते, देवापुढे होय म्हणाले होते. त्यांनी न्याय बरोबर केला असं माझं म्हणणं आहे, पण फेरचौकशीला माझी हरकत नाही.

घरी आईला कळलं तेव्हा ती भांडली नाही. तेच वाईट. तिनं फक्त गुडघ्यांना लावायचं तेल फडताळातून काढून पुन्हा हाताशी ठेवलं.

वरच्या कोर्टानं निकाल रद्द केला आणि दावा नव्यानं चालवायला दुसऱ्या जज्जाकडे पाठवला. आधीचे साहेब तोवर बदलून गेले होते. काकांनी गडगा पुन्हा घातला.

हे दुसरे जज्ज वयस्क, बारीक, चष्म्यातून बघणारे. जागा पाहायला आले ते दोन्ही वकिलांना आधी कळवून, दोन्ही वकिलांबरोबर, भर उन्हात. काकांनी शहाळं पुढे केलं, त्यांनी मान हलवली. आईनं पाण्याचा तांब्या आणला, त्यांनी तशीच मान हलवली. खुर्ची दोन्ही घरांतून आली, बसले कुठल्याच खुर्चीवर नाहीत. सरकारी रस्त्यावर उभं राहून त्यांनी आपल्या पिशवीतल्या बाटलीतलं पाणी प्यायलं. गडग्याच्या या बाजूनं चालले तेवढेच त्या बाजूनं चालले. शेजारीण माझ्या कानाशी पुटपुटली, "हो माणूस काय भूत गो? खाणा नाय, पिणा नाय, हसणा नाय!" मलाही तो माणूस अजिबात आवडला नाही. पण वाडीतले लोक त्या दिवशी पहिल्यांदाच गप्प होते. बोलायला त्यांना काही सापडेना.

गावकारांना पुन्हा साक्षीला उभं केलं. मधल्या काळात त्यांना वाडीतल्या पोरांनी चिडवून नको नको केलं होतं, जज्जाचे साक्षीदार म्हणून. ते पिंजऱ्यात उभे राहिले ते कठडा घट्ट धरून. काकांच्या वकिलांनी विचारलं, मास्तर त्या वाटेनं जात ते हक्कानं जात, की भावाच्या परवानगीनं?

म्हातारे गोंधळले. "भावाभावात हक्क कसलो आणि परवानगी कसली? येवचे, जावचे. एकामेकांच्या घरात जेवचे. कोण कोणाक इचारता?"

आप्पांनाही तेच विचारलं. आप्पा म्हणाले, "साहेब, आमचं प्रेम होतं. हक्काचा विचारच कधी केला नाही." आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. मला तेव्हा कळलं नाही का मिटले.

निकालाच्या दिवशी आई हट्टानं बरोबर आली. जज्जांनी निकाल वाचला तो आधी इंग्रजीत, मग आमच्याकडे पाहून मराठीत समजावून सांगितला. आप्पांकडे जेवढं पाहिलं तेवढंच काकांकडे. वापर होता हे कोर्टाला मान्य आहे. पण तो दोन भावांमधल्या आपुलकीचा होता, परवानगीचा होता. परवानगीनं कितीही वर्षं चाललं तरी त्याचा हक्क होत नाही. दावा फेटाळला.

बाहेर पिंपळाखाली कोणी नाटक म्हणालं नाही.

तळेऱ्याकडे जाणारी एसटी एकच होती, त्यामुळे आम्ही आणि काका एकाच गाडीतून परत आलो. पुढे-मागे बसून. थांब्यावर उतरलो. काकांच्या घरासमोर आल्यावर काका थांबले, पिशवी खाली ठेवली आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "दादा, हयसून येवा. गडगो मी आताच काढतंय. माका माझ्या खळ्यातसून तुमका सोडूचा नव्हता असा नाय. माका फक्त त्या भजनातल्या जज्जान सांगलेला नको होता."

मला वाटलं आप्पा विरघळतील. आप्पांनी मान हलवली. "नको," म्हणाले. "हक्काची होती तोवर गेलंय. आता नको." आणि छत्री काठीसारखी टेकत ते मेरेकडे वळले.

आई वळली नाही. ती त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिली, मग काकांना म्हणाली, "भावजीनू, दोन-तीन चिरे तरी काढा. उडी मारूचा माझा वय नाय."

काकांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि वरचे चिरे स्वतः उचलून बाजूला टाकले. मी हात लावला. काकी आतून आली, तिनं आईच्या हाताला धरलं आणि दोघी हळूहळू खळ्याच्या कडेनं माडांखालून गेल्या.

आम्ही आप्पांच्या आधी घरी पोचलो. ते आले तेव्हा चूल पेटली होती. पायांचा चिखल धुवून ते ओटीवर बसले आणि आईनं चहा आणून दिला.

"खयसून इलंस?" त्यांनी विचारलं, ठाऊक असून.

"खळ्यातसून," आई म्हणाली. "केस तुमची होती. माझी नाय."

आप्पांनी चहा घेतला. मला वाटलं आता संतापतील, किंवा निदान त्या जज्जाला तरी दोन शब्द सुनावतील. मीच सुरुवात करून दिली, म्हटलं, आपुलकी होती म्हणून हरायचं, हा कुठला न्याय?

"तसा बोलू नको," आप्पा म्हणाले. "पयल्या जज्जान वाट माका दिल्यान, तर ती एक दिस माझी वाटली नाय. ह्यान काढून घेतल्यान, तर ती गेली, ह्या तरी माका खरा वाटता."

मग त्यांनी आईकडे बघितलं आणि तिला विचारलं, माडांखालची ती उघडी पडलेली मुळं अजून तशीच आहेत का, पायाला लागतात का.